दुखत नाही म्हणायचं नाही

बाळंतिणीनं नाक खाजवलं, की डॉ. त्रिशला चौगुलेला समजायचं, हिला पिवळ्या लेबलाचं औषध मिळालंय. खरं तर तिला ते समजता कामा नये होतं. चाचणीचा नियमच तसा होता. पुण्याहून येणाऱ्या सिरिंजवर पिवळं, निळं किंवा पांढरं लेबल असायचं, आणि कुठल्या रंगाखाली कुठलं औषध दडलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आणि घेणारीलाही. आवडत्या औषधाला डॉक्टरनं झुकतं माप देऊ नये, म्हणून ही लपाछपी. पण तासगावच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात भूल देता देता त्रिशलाचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. अशा बाईपासून औषध लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवायचं.

सिझेरियनला आता बाईला पूर्ण झोपवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई आत जाते, तिथल्या पाण्यासारख्या द्रवात भुलीच्या औषधाचे थोडे थेंब पडतात, आणि छातीखालचं सगळं अंग तास-दोन तास परक्याचं होतं. बाई जागी असते, बोलते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. पंचाईत पुढे होते. भूल उतरते आणि टाके बोलायला लागतात. म्हणून त्या भुलीत चिमूटभर दुसरं औषध मिसळायचं. शिकाऊ डॉक्टर आले की त्रिशला सांगायची, "भूल म्हणजे आमटी, आणि हा वरून हिंग. आमटी सगळीकडे तीच. बाळंतीण नाव काढते ती हिंगाचं."

आणि सध्या भांडण चाललं होतं ते हिंगाचंच. पिवळं लेबल म्हणजे जुनं मॉर्फिन, अफूच्या घरातलं. दिवसभर वेदना लांब ठेवतं, पण अंगाला खाज सुटते, पोटात ढवळतं, आणि बाई बाळाकडे बघायचं सोडून नाक चोळत बसते. निळं म्हणजे डेक्समेड, गुंगीच्या जातीचं. त्यानं नाडी संथ होते, आणि बाई इतकी पेंगते की घरचे घाबरून सिस्टरला हाका मारतात. राहिलं पांढरं. पांढऱ्यावर त्रिशलाचा जीव होता.

समुद्रात एक शंखवाली गोगलगाय असते, दिसायला देखणी आणि स्वभावानं विषारी. ती माशाला काटा मारते तेव्हा मासा तडफडतसुद्धा नाही. त्या विषाचा एक कण शास्त्रज्ञांनी उचलला, थोडा बदलला आणि त्याचं औषध केलं. वेदनेची बातमी नसांमधून मज्जारज्जूत जिथून शिरते, ते दार हे औषध लावून घेतं. स्पर्शाचं दार वेगळं, ते उघडंच राहतं. म्हणजे भूल उतरल्यावर बाईला बाळाचा हात कळतो, चादर कळते, पायाखालची गार फरशी कळते, पण पोटावरचे टाके पंधरा-वीस दिवस तोंड उघडत नाहीत. खाज नाही, उलटी नाही, पेंग नाही. त्रिशलाच्या आईनं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "जीव मारून करतात काय गं ते?" जैनाच्या घरात हा प्रश्न येणारच. "नाही आई, यीस्टच्या टाकीत होतं. गोगलगाय समुद्रात सुखी आहे," असं सांगितल्यावर त्या माउलीनं औषधाला परवानगी दिली.

पांढऱ्यावर जीव असण्याचं त्रिशलाचं कारण जुनं होतं. तिचा स्वतःचा मुलगा झाला तेव्हा मॉर्फिननं ती इतकी ओकत होती, की दोन दिवस तिनं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. तो आता मिशी फुटलेला घोडा झाला होता, पण ते दोन दिवस तिच्या मनातून गेले नव्हते. दुसऱ्या कुठल्या बाईचे असे दिवस जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं.

आणि तेच औषध आता बुडायला निघालं होतं.

पुण्याचे डॉ. हुदलीकर या चाचणीचे प्रमुख. त्या दिवशी सकाळी ते तिच्या खोलीतल्या पडद्यावर आले ते चष्मा पुसतच. ते चष्मा पुसायला लागले की बातमी वाईट असायची.

"त्रिशला, पांढऱ्या गटाचे आकडे बघितलेस?"

"बघितले सर."

"मग मला समजावून सांग. टिकली काहीतरी भलतंच म्हणतेय आणि बायका भलतंच."

टिकली म्हणजे वेदना मोजायची पट्टी. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण कुंकवाच्या टिकलीएवढी ती चकती बाळंतिणीच्या मानेमागे चिकटली, की वॉर्डात तिचं नाव टिकलीच झालं. मज्जारज्जूतून वर मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या विजेची ती चाहूल घ्यायची आणि शून्य ते दहामधला एक आकडा सिस्टरच्या फोनवर पाठवायची. शिवाय बाईलाही तोंडी विचारायचं, किती दुखतंय, शून्य ते दहा. दोन्ही आकडे जुळले म्हणजे काम चोख.

"पिवळ्यात टिकली चार म्हणते, बाई दोन-तीन म्हणते," हुदलीकर म्हणाले. "आपल्या बायका जरा कमीच सांगतात, तेवढं आपण धरून चालतो. निळ्यात तसंच. पांढऱ्यात टिकली म्हणते शून्य आणि बाई म्हणते सात! म्हणजे एक तर टिकली बिघडलीय, नाहीतर हे औषध टिकलीला फसवतं पण बाईला नाही. कसंही असलं तरी औषध बाद. महिनाअखेरीस समिती बसतेय. तोवर कारण शोध, नाहीतर पांढरं लेबल बंद."

सर गेले. त्रिशलानं पांढऱ्या गटाचे आकडे पुन्हा उघडले. औषधावरचा तिचा विश्वास ढळला नव्हता, पण वेड लागल्यागत सात-सात सांगणाऱ्या बायकांना खोटं कसं म्हणायचं? दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुपारी ती वॉर्डात गेली. डब्यांची वेळ होती. सासवा, आया, नणंदा खाटांभोवती बसल्या होत्या आणि मेथीचा वास दरवळत होता. सिस्टर मार्था लोंढे याच वेळेला सगळ्या खाटांवरून फिरून आकडे विचारायची, कारण तेव्हा सगळ्या बाळंतिणी जाग्या असायच्या. ही वेळ ठरवली होती त्रिशलानंच, आणि त्याचा तिला अभिमान होता.

खिडकीजवळ सारिका माळी होती. बेदाण्याच्या शेडवर माल निवडायला जाणारी, चपळ हातांची मुलगी, पहिलटकरीण. पांढरं लेबल. पहिल्या दिवशी भूल उतरल्या उतरल्या तिनं सिस्टरला विचारलं होतं, "पोट कापलंय नव्हं माझं? मग कळंना कसं?" आज ती डोळे मिटून पडली होती आणि उशाशी सासू पंखा घालत होती.

"सारिका, किती दुखतंय? शून्य ते दहा," मार्थानं विचारलं.

"सात. आई गं. न्हाई, आठच."

मार्थाच्या फोनवर शून्य होतं. त्रिशलानं टाके बघितले. टाके कोरडे, छान, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे. "इथं दाबलं तर?" म्हणून तिनं हात पुढे केला, तर बोट टेकायच्या आधीच सारिका किंचाळली.

"लई सोसतीया वो माझी पोर," सासू म्हणाली.

पोर घाबरलीय, असं मनाशी म्हणून त्रिशला पुढच्या खाटेकडे वळली. हुशार माणसाला समोरचा बैल दिसत नाही तो असा.

पुढच्याच आठवड्यात तिची भावजय दीपाली बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, या रिवाजानं ती इथंच होती, आणि हट्टानं चाचणीत शिरली होती. "अक्का, एवढं औषध-औषध करताय, मला लागलं तर लागलं," ती म्हणाली. नात्यातल्या बाईला आपण सुई टोचायची नाही हा त्रिशलाचा नेम, म्हणून मिरजेचा एक सहकारी येऊन टोचून गेला. लेबल पांढरं निघालं. मुलगा झाला. भूल उतरल्यावर त्रिशला जवळ बसली तेव्हा दीपाली पायाची बोटं हलवत हसत होती. "अक्का, तुमचा हात कळतोय. टाके कळंनात. जादू केलीय काय?"

त्रिशलाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "शून्य लिहू?"

"लिहा की."

आणि तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला तीच दीपाली, सासूच्या देखत, डोळे मिटून म्हणाली, "सात."

घरच्याच माणसानं सात म्हटल्यावर त्रिशलाची उमेद गेली. टिकली खोटी, औषध खोटं, आपण वेडे, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं. हुदलीकरांना तसं कळवायचं तेवढं राहिलं होतं.

दीपाली घरी गेल्यावर दोन दिवसांनी त्रिशला दुपारची तिला बघायला गेली. मगदुमांचं घर म्हणजे त्रिशलाचं माहेर. दार उघडंच होतं, आई बाहेर ओसरीवर शेजारणीशी बोलत होती. त्रिशला दवाखान्यातल्या मऊ बुटांनी आत गेली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात थबकली.

दीपाली स्टुलावर उभी होती. एका हातानं वरच्या फळीवरचा डबा काढत होती, दुसऱ्या हातानं ओढणी सावरत होती, आणि गुणगुणत होती. डबा हाती आला तशी ती टुणकन खाली उतरली, दोन डिंकाचे लाडू काढले आणि पाळण्याभोवती चक्क गिरकी घेतली. बाळ तिच्याकडे न समजता बघत होतं.

तेवढ्यात बाहेरून चपला घासत येत असल्याचा आवाज आला. सर्र, सर्र. आईचे गुडघे हल्ली फारच गेलेत वाटतं, असं त्रिशलाच्या मनात आलं. त्या आवाजासरशी दीपालीनं लाडू उशीखाली सारले, पलंगावर अंग टाकलं, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि कण्हायला लागली. "आई गं..." त्याच वेळी तिची नजर दारातल्या नणंदेवर पडली.

चपला स्वयंपाकघराकडे वळल्या.

"सात?" त्रिशलानं विचारलं.

दीपाली उठून बसली. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. "अक्का, आईंना सांगू नका. पाया पडते तुमच्या."

"अगं पण का? दुखत नाही तर दुखत नाही म्हणावं. माझं औषध चाललंय त्यापायी बाराच्या भावात!"

"मंगल कोळेकर आठवतीया?"

त्रिशलाला आठवली. पांढऱ्या लेबलाची अगदी पहिली बाई. सगळ्यांसमोर 'शून्य' सांगून हसत घरी गेली, आणि टाका उसवून परत आली. सर्जननं पुन्हा शिवलं, त्रिशलानं तिच्या नशिबाला बोल लावला.

"तिनंच सांगितलं वॉर्डात सगळ्यांना," दीपाली म्हणाली. "ती 'काही दुखत नाही' म्हणाली, तर घरात गेल्या गेल्या सासू म्हणाली, मग बसून काय करतीस? शेळ्यांना पाणी घाल. बादल्या उचलल्या तिनं अक्का, आणि तिला कळलंसुद्धा नाही, दुखतच नव्हतं ना. रगत दिसलं तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येक खाटेवरून पुढच्या खाटेला निरोप जातोय. दुखत नाही म्हणायचं नाही. दुखणं संपलं की बाळंतपण संपलं."

त्रिशला पलंगाच्या कडेवर बसली. इतके दिवस समोर असलेला बैल आता शिंगांसकट दिसला. ज्यांना खरंच दुखत होतं त्या सवयीनं 'जरा' म्हणत होत्या, आणि ज्यांना काहीच दुखत नव्हतं त्या घाबरून 'लई' म्हणत होत्या. आणि आपण नेमकं सासवांच्या देखत विचारत होतो! औषध नापास झालंच नव्हतं. ते इतकं चांगलं होतं, की त्यानं बाईच्या हक्काचा एकुलता एक पुरावा पळवला होता. बाईला सव्वा महिना अंथरूण मिळायचं, शेक मिळायचा, आयतं ताट मिळायचं, ते ती कण्हते म्हणून.

"पण आई काही तशी नाही," त्रिशला म्हणाली.

"नाहीत ओ. लई चांगल्या आहेत. पण पहिल्या खेपेला मी माहेरी होते, मला काय माहीत इथं काय असतं? आईंनी जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाही. त्यांच्यासमोर धडधाकट बाईनं लोळायचं कसं?" दीपालीनं उशीखालचा एक लाडू काढून नणंदेच्या हातात दिला. लाच म्हणून दिला होता, तरी तो त्रिशलानं खाल्ला.

औषध पास झालं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तरी प्रमुखांना सांगणं भाग होतं. दवाखान्यात परत येऊन तिनं हुदलीकरांना कुणाचंही नाव न घेता कारण सांगितलं. सर इतके खूश झाले, की चष्मा काढायचंही विसरले.

"म्हणजे बायका खोटं सांगतात. छान! मग प्रश्नच मिटला. यापुढे विचारायचंच नाही. टिकली म्हणेल तो आकडा. मी समितीला पटवतो, औषध पास समज."

"विचारायचंच नाही?"

"कशाला? यंत्र लाजत नाही, घाबरत नाही. कंपनी तर म्हणतेय, टिकलीला बारीक दिवा बसवतो. दुखत असेल तर लाल, नसेल तर हिरवा. म्हणजे घरी गेल्यावर घरच्यांनाही कळेल. तुझी सही पाठव."

पडदा काळा झाला. हवं होतं ते सगळं एका सहीच्या अंतरावर येऊन बसलं होतं, आणि त्रिशलाला मात्र दीपालीच्या मानेमागे लागलेला हिरवा दिवा दिसत होता. दिवसरात्र जळणारा. ही ठीक आहे, हिला उठवा, असं घरभर सांगणारा. शेळ्या तहानल्या आहेत, असं मंगलला सांगणारा. सही नाही केली तर औषध जातं, आणि पुढच्या हजारो बायका नाक चोळत, ओकत दोन दिवस बाळाशिवाय काढतात. केली तर वेदना जाते आणि अंथरूणही जातं. आयुष्यभर ती वेदनेची शत्रू म्हणून वावरली होती. वेदनेची बाजू घ्यायची वेळ येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अशा वेळी माणूस शहाण्याकडे जातो किंवा आईकडे. त्रिशला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा माहेरी गेली. आई स्वयंपाकघरात खारीक कुटत होती. दीपालीचं नाव काढायचं नाही असं ठरवून त्रिशलानं लांबून सुरुवात केली. "आई, समज, एखाद्या बाळंतिणीला औषधानं काहीच दुखलं नाही, तर..."

"दीपाबद्दल बोलायलीस काय?" आईनं खलबत्ता न थांबवता विचारलं.

त्रिशला समोरच्या पाटावर बसली.

"काल स्टुलावर चढली होती. डबा दुसऱ्या कडेला ठेवलाय त्यावरनं कळलं. मी म्हटलं, बया, खालच्या फळीवर ठेवावा आता, पडायची."

"तुला माहीत आहे? तिला दुखत नाही हे?"

"पहिल्या दिवसापासनं. दुखणारी बाई अशी गात असती व्हय? आणि कण्हायला लागली की सूर धरून कण्हती." आई हसली. "खरं दुखतं तेव्हा आवाज न्हाई येत गं."

"मग तू बोलली का नाहीस?"

आईनं बत्ता बाजूला ठेवला. "तू झालीस तेव्हा मी पाचव्या दिवशी गोठ्यात होते. शेणाची पाटी डोक्यावर. दुखत नव्हतं व्हय? डोळ्यापुढं काजवे चमकायचे. मी तसं सासूबाईंना सांगितलं बी होतं. त्या म्हणाल्या, मलाबी दुखलं होतं. संपलं." तिनं पदरानं हात पुसले. "दुखतंय म्हणून कुणी कुणाला झोपवत न्हाई, त्रिशला. ज्याला झोपवायचं असतं तोच झोपवतो. मग तिला दुखू दे न्हाईतर न दुखू दे."

आपण जन्मल्याच्या पाचव्या दिवसाबद्दल त्रिशला पहिल्यांदाच ऐकत होती. तिला आईच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मांडीवर खारकेची ताटली होती.

"मग तिला सांगून टाक ना, की तू बिनघोर झोप, मला कळलंय."

"डॉक्टर झालीस खरी," आई म्हणाली. "सासूनं तोंडावर 'झोप' म्हटलं की सून उठून बसती. लाजंनं भांडी घासायला घेईल ती. चोरून झोपतीया म्हणून तर झोपतीया. म्हणून मी चपला घासत जाते."

"म्हणजे गुडघे...?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय माझ्या? आवाज केला की तिला आडवं व्हायला वेळ मिळतो. घाईत उडी मारली आणि टाका उसवला म्हंजे?" आणि तिनं पुन्हा बत्ता उचलला.

त्रिशला तिथून सरळ दवाखान्यात आली आणि तिनं हुदलीकरांना पडद्यावर बोलावलं.

"सर, दिव्यावर मी सही करणार नाही. टिकलीचा आकडा फक्त सिस्टरच्या फोनवर राहील, आणि बाईला विचारायचं थांबवायचं नाही. तिला एकटीला विचारायचं. नातेवाईक खाली चहाला गेल्यावर, पडदा ओढून. दोन्ही आकडे जुळतील, तुम्ही बघा."

"आणि आधी सात सात सांगितलं त्याचं काय? खोटारड्या साक्षीदारावर विश्वास कसा ठेवायचा?"

"त्या खोटं बोलल्या नाहीत. आपण विचारत होतो दुखतंय का. त्यांना ऐकू येत होतं, कामाला लावू का. त्याचं उत्तर त्या देत होत्या." तिनं दम घेतला. "आणि औषधासोबत एक सक्तीची सूचना हवी, घरच्यांना समोर बसवून सांगायची. दुखणं म्हणजे टाक्यांचा राखणदार. आपण त्याला सुट्टी दिलीय, पण आतली जखम भरायला तिचा वेळ घेणारच. म्हणून राखण आता घरच्यांनी करायची. बाईनं चालायचं, फिरायचं. बादली, कळशी, पोतं सव्वा महिना उचलायचं नाही. मंगल कोळेकरला हे आपण सांगायला हवं होतं. ते आपण सांगितलं नाही, म्हणून बाकीच्या बायकांनी आपली सोय आपण केली."

हुदलीकरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. "करून बघ," ते म्हणाले. "समितीपर्यंत वेळ आहे."

पुढे समिती बसली, आकडे जुळले, लेबलं उघडली. पांढऱ्याखाली गोगलगायच होती. औषध पुढच्या टप्प्यात गेलं, घरच्यांसाठीची सूचना त्याच्या खोक्यावर छापली गेली, आणि दिव्याची टिकली कंपनीनं गुंडाळून ठेवली. मंगललाही बोलावून, तिच्या सासूला समोर बसवून, त्रिशलानं सगळं नीट सांगितलं. सासूनं खाली मान घालून ऐकलं आणि शेळ्या विकल्या नाहीत, पण बादल्या मुलाच्या हातात दिल्या. हे सगळं रीतसर झालं. पण त्रिशलाला विचाराल, तर निकाल त्याच दिवशी दुपारी लागला, हुदलीकरांशी बोलणं झाल्यावर.

तिनं वॉर्डातल्या सगळ्या नातेवाइकांना चहाला पिटाळलं आणि मार्थाला घेऊन पांढऱ्या लेबलाच्या एकेका खाटेचा पडदा ओढला. सारिका माळी अजून तिथंच होती. बाळाला कावीळ म्हणून तिचा मुक्काम लांबला होता, आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

"सारिका, खरं सांग. हे फक्त माझ्या कानात. किती?"

सारिकानं पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. मग बोटांनी गोल काढून दाखवला. "पण मॅडम, सासूस्नी..."

"नाही सांगत."

"शून्य," मार्था फोनकडे बघून म्हणाली. पुढच्या खाटेवर शून्य. त्याच्या पुढच्या खाटेवर एक, तोही डासानं चावल्यामुळे. पडदे सरकवले तेव्हा सगळा वॉर्ड एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होता. एवढ्या हसऱ्या बाळंतिणी त्रिशलानं उभ्या जन्मात बघितल्या नव्हत्या. तिला स्वतःच्या हयातीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं, आणि ती तशीच बाहेर जिन्यापाशी येऊन उभी राहिली.

खालून सासवा वर येत होत्या. सगळ्यांच्या पुढे सारिकाची सासू. तरतरीत बाई, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, दोन-दोन पायऱ्या एका दमात चढत होती. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. आत हसणं चालूच होतं. सावध करावं म्हणून त्रिशला खोकणार, तेवढ्यात ती बाई वरच्या पायरीवर थांबली. तिनं आतल्या हसण्याचा कानोसा घेतला. मग पाऊल हळू केलं, आणि चपला फरशीवर घासायला लागली. सर्र, सर्र.

आत खाटा करकरल्या. "आई गं," सारिकाचा आवाज आला, सुरात.

बाई त्रिशलाच्या अंगावरून पुढे गेली. त्रिशलानं तिच्याकडे बघितलं, पण ती डब्याकडे बघत होती.

"लई सोसतीया वो माझी पोर," ती म्हणाली, आणि आत गेली.